खुलासा : पावसात टायरची हवा कमी करू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या रायडर ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "पावसात हवा दहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी ठेवा, टायर बदलताना एक साइज रुंद घ्या, पकड वाढते." दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

वाळूत, चिखलात हवा कमी करतात हे खरं. ओल्या डांबरावर मात्र नक्षीच्या खाचांतून पाणी बाहेर पडलं तरच पकड राहते. हवा कमी झाली की टायर मधोमध दबतो, खाचा आवळतात आणि कमी वेगातच तो पाण्यावर तरंगायला लागतो. डबलसीट आणि सामान असेल तर टायर तापतो, ते वेगळंच. मॅन्युअलमधला आकडाच धरा, टायर थंड असताना मोजा.

रुंद टायर मूळ रिमवर चिमटला जातो, त्याचा गोलावा बदलतो. आंबा घाटात गाडी झुकवताना हे महागात पडू शकतं.

नवा टायर घेताना त्याची बाजू वाचा. '६६एच' म्हणजे ३०० किलो भार, ताशी २१० किमी वेग. मॅन्युअलपेक्षा कमी नको. लंबगोलातले '२३२४' म्हणजे टायर २०२४च्या २३व्या आठवड्यात बनला.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.