एका मिनिटाचा स्पेल, पाऊण तासाचा डाव

रविवारी लातूरला आमच्या गच्चीवर डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा डाव असतो. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. ॲनिमेट ऑब्जेक्ट्स हा निर्जीव वस्तू जिवंत करून लढवायचा स्पेल, म्हणजे मंत्र. खेळातल्या वेळेत तो नियमानं जास्तीत जास्त एक मिनिट टिकतो. परवा आमच्याकडं पाऊण तास टिकला.

पडका वाडा, समोर ऑग्रे, म्हणजे धिप्पाड राक्षस. मी हौसेनं उखळ, लोखंडी पेटी, बैलगाडी सगळं मांडून ठेवलेलं. वाटलं, आमची विझर्ड, म्हणजे जादूगारीण, आता बैलगाडी घालती ऑग्रेच्या अंगावर. बाईनं उठवले काय, तर दहा खिळे!

आणि हिशोब तिचाच बरोबर. २०१४ च्या पुस्तकात दहा वस्तू उठतात. मध्यम वस्तू दोन धरायची, मोठी चार. खिळ्याचा मार चार बाजूंचा फासा अधिक ४. दहाही लागले तर सरासरी ६५. बैलगाड्या उठणार दोनच, मार २६. मग गाडीला हात कोण लावंल? पण कुठला खिळा लागला ते बघायला दर टर्नला वीस बाजूंचा फासा दहादा टाकायचा. आमच्यातला रोग, म्हणजे चोराचं पात्र खेळणारा गडी, "किती येळ लावायलाव?" म्हणत खाली गेला आणि चहा करून आला, तरी सातवाच खिळा चालू होता.

उखळ तर बादच. घट्ट बसवलेली वस्तू जिवंत होते, पण वेग शून्य. त्यावर एकानं विचारलं, "मग माउलींची भिंत कशी चालली?" म्हणलं, तिथं पुस्तक उघडायचं नसतं. गप फासा टाक.

२०२४ च्या नियमानं गर्दी कमी केली. विझर्डच्या बुद्धीचा मॉडिफायर, म्हणजे बुद्धीच्या गुणांवरनं निघणारा आकडा, जितका, तितक्याच वस्तू. मोठी दोन धरायची. चांगलं केलं. पण मध्यम आणि त्याहून लहान सगळ्यांना मार एकच, चमचा काय नि पेटी काय! पेटीखाली अंगठा सापडलेल्या माणसाला विचारा.

म्हणून मी संख्या नव्या पुस्तकातली घेतली, मार जुन्यातला. आता खिळा साडेसहा, पेटी आठ. जुन्यातली अजून एक ओळ ठेवली, मला ती लई आवडती: वस्तूच्या घडणीप्रमाणं डीएमला माराचा प्रकार बदलता येतो. खिळा टोचंल, विळी कापंल.

इथंच फसलो. रात्री एक वाजेस्तोवर ग्रुपवर भांडण: विळीचं पातं पाटाला घट्ट बसवलेलं असतं, पाट पात्याहून मोठा, मग विळीचा वेग शून्य का?