जुना ॲम्प्लिफायर घेण्याआधी त्याचं झाकण उघडा

दिवाळीपासून एक मजकूर फोनवर फिरतोय. मला तो आतापर्यंत सहा जणांनी पाठवला. म्हणणं असं, की सत्तरच्या दशकातला ॲम्प आणि स्पीकर आजच्या कुठल्याही सेटपेक्षा सरस. वस्तू जन्मभर टिकायच्या, आवाज गोड आणि भरदार, डिजिटल आवाज मात्र पायऱ्या-पायऱ्यांचा; शिवाय जुना ॲम्प वजनदार म्हणून दमदार, तेव्हाच्या कंपन्या वॅट खरे सांगायच्या, आणि बिघडला तर तो दुरुस्तही होतो. हे वाचून आमच्या शेजारच्या पोराने पहिल्या पगारातून 40 हजारांचा जुना सेट आणला. दुसऱ्याच महिन्यात डावा चॅनल गेला. जुन्या यंत्रांवर माझा जीव आहे, म्हणूनच यातला एकेक मुद्दा तपासून बघायला हवा.

आधी टिकण्याचं बघू. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी बाबांचा 1978 चा ॲम्प मी मागच्या उन्हाळ्यात उघडला. गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून घूं असा आवाज यायचा. आतल्या दोन मोठ्या कंडेन्सरची, म्हणजे वीज साठवून तिचा चढउतार सपाट करणाऱ्या डब्यांची, डोकी फुगली होती. त्यांच्यात द्रव भिजवलेला कागद असतो, तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाळत जातो. तापमान 10 अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. बंद पेटीत, चालू ॲम्पच्या आत, त्याहून जास्त. त्यात आपला कूलर. त्याची ओली हवा थेट ॲम्पवर आली, की स्विच आणि व्हॉल्यूमच्या नॉबमधले संपर्क काळवंडतात, आणि नॉब फिरवला की खरखर ऐकू येते. स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड तर मी हात लावताच भुगा होऊन बोटांना चिकटली. त्याच काळातले कापडी किंवा रबरी कडेचे स्पीकर मात्र आजही छान वाजतात. तेव्हा टिकणं हे कशाचं बनलंय आणि कुठे ठेवलंय यावर आहे.

गोडव्याची गोष्ट मला सगळ्यात जवळची. आजीच्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर आकाशवाणीचं नागपूर ‘अ’ केंद्र लागायचं, 585 किलोहर्ट्झवर. तो आवाज अजून कानात आहे. पण अशा मध्यम लहरींच्या केंद्रावरून आवाजातलं साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे बारीक, उंच सुरांचं, फारसं काही घरापर्यंत पोचतच नाही. झांजेची किणकिण, ‘स’चा सीत्कार, तबल्याच्या चाटीची धार, सगळं वाटेतच गळायचं. उरायचा तो मधला, मऊ आवाज, आणि त्याला लाकडी पेटीचा घुमारा. तो आवडणं अगदी खरं आहे. पण त्यात गाण्यातलं बरंच काही कमी झालेलं असतं, म्हणून त्याला जास्त अस्सल म्हणता येत नाही.

पायऱ्यांचा मुद्दा चित्र बघून पटतो, पण चूक आहे. 1982 मध्ये बाजारात आलेली सीडी सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे आवाजाच्या लहरीची मोजमापं, साठवते. त्यांतून 22 किलोहर्ट्झपर्यंतची लहर पूर्ण उभी करता येते, आणि माणसाचा कान जेमतेम 20 पर्यंत ऐकतो. प्लेअरमधून तारेत येते ती गुळगुळीत लहर. पायऱ्या फक्त पुस्तकातल्या आकृतीत.

वजनाचं उत्तर छोटं आहे. जुना ट्रान्सफॉर्मर 50 हर्ट्झवर चालतो, म्हणून त्याला लोखंड भरपूर लागतं. आजच्या बऱ्याच ॲम्पमधला वीज पुरवणारा भाग हजारो हर्ट्झवर चालतो, त्याला मूठभर गाभा पुरतो. म्हणून वजनावरून दम ठरत नाही.

आणि खरे वॅट? साठच्या दशकात अमेरिकेत आकडे इतके फुगवले जात, की 1974 मध्ये तिथल्या सरकारला वॅट कसे मोजायचे याचा नियम करावा लागला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात खोक्यांवर हजार-हजार वॅट ‘पीएमपीओ’ (म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) छापलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या खोक्यांतून खरे वॅट किती निघायचे तेही आठवत असेल.

त्या मजकुरातलं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे: जुना ॲम्प दुरुस्त होतो. सुटे ट्रान्झिस्टर, मोकळी जागा, सर्किटचा नकाशा मिळतो. बाबांचा ॲम्प नवे कंडेन्सर टाकून पुन्हा वाजतोय. आजच्या बऱ्याच सेटमध्ये एक चिप गेली की अख्खा बोर्ड बदलावा लागतो, आणि तो मिळतोच असं नाही. नव्या सीडींवर हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबून सपाट केलेला असतो, हेही बऱ्याचदा खरं. पण ते ध्वनिमुद्रण तयार करणाऱ्याचं काम आहे. तीच सीडी जुन्या ॲम्पवर लावा, तितकीच सपाट वाजेल.

सेट घ्यायचाच असेल तर दुकानात गाणं लावायच्या आधी नुसता चालू करा आणि स्पीकरला कान लावा. घूं ऐकू आलं तर कंडेन्सरचा खर्च धरा. नॉब पूर्ण फिरवा. मग जाळी काढायला सांगा आणि फोमची कड बोटाने हलकेच दाबा. बोटाला भुगा लागला, तर कड बदलायचे पैसे वजा करूनच भाव बोला.