खाली वाडा, वर शेतकऱ्याचं घर
व्हॅरम पर्सी या इंग्लंडमधल्या (यॉर्कशायर) ओस पडलेल्या मध्ययुगीन गावावरचा लेख आवडला, पण तिथल्या उत्खननाची खरी गंमत त्यात राहूनच गेली. इतिहासकार मॉरिस बेरेसफोर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांची मंडळी खणत होती साध्या शेतकऱ्याचं घर, आणि त्याखाली निघालं बाराव्या शतकातल्या जमीनदाराच्या वाड्याचं दगडी तळघर! पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरसाहेबांनी आपल्याकडे रुजवलेल्या पद्धतीने, चौकोनी खड्डे आणि मधे बांध ठेवून खणलं असतं, तर भिंतींचा हा गुंता सुटला असता का, शंकाच आहे. तिथे डेन्मार्ककडून घेतलेली, सबंध जागा एकदम उघडायची पद्धत होती. १९५० ते १९९०, दर उन्हाळ्यात, तेही बरेचसे हौशी हात!

आणि लेखातलं ‘प्लेगने गाव ओस पडलं’ हे वाक्य कृपया दुरुस्त करा. प्लेगनंतरही तिथे वस्ती होती. १५०० च्या सुमारास मेंढ्यांच्या कुरणांपायी उरलीसुरली घरं उठली.