आधी ओटीपी, मग केदारनाथ

चारधामला माहेर आणि सासर एकाच गाडीतून न्यायची आयडिया नवऱ्याची होती हे आधीच सांगून ठेवते, नंतर खापर माझ्या डोक्यावर नको. "अगं वेगवेगळं जाण्यात काय अर्थ आहे, सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर करू, डोईमागे स्वस्त पडेल" असं म्हणून तो ऑफिसला निघून गेला आणि प्लॅनिंग माझ्याकडे आलं, कारण काय तर मला एक्सेल येतं. एक्सेल त्यालाही येतं, पण घरी आल्यावर विसरतो.

मग ग्रुप निघाला. नाव 'जय केदार', डीपीला केदारनाथ, आणि तासाभरात शंभरेक मेसेज, त्यातले नव्वद नुसते हात जोडलेले. मी विचारलं, "कुठल्या तारखा चालतील सगळ्यांना?" शांतता. थोड्या वेळाने त्याखाली काकासासऱ्यांनी सूर्योदयाचा फोटो टाकला, सुप्रभात म्हणून, संध्याकाळी सात वाजता.

आता तारखांचं ऐका. ही देवळं वर्षातले साधारण सहाच महिने उघडी असतात. यमुनोत्री-गंगोत्री अक्षय्य तृतीयेला उघडतात, केदारनाथची तारीख महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होते, बद्रीनाथची वसंत पंचमीला, आणि दिवाळी आली की बंद व्हायला लागतात, केदारनाथ तर भाऊबीजेलाच. म्हणजे मुळात देवाचंच कॅलेंडर अर्धं, त्यात आमच्या लोकांनी उरलेलं अर्धं खाल्लं. मे म्हटलं तर बाबा म्हणाले, "आंब्यात? आणि पेट्या कोण उतरवून घेणार?" जून-जुलैत पालख्या, सासरे दरवर्षी माउलींबरोबर दिवेघाट चढतात, तिथे तर बोलायचीच सोय नाही. पावसाळ्यावर मीच काट मारली, तिकडे दरडी कोसळतात आणि रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. पुढे गणपती, गौरी. मग पितृपक्ष. "पितृपक्षात कुणी यात्रेला निघतं का?" असं आत्यासासूबाई म्हणाल्या, तर काकासासरे म्हणे उलट बद्रीनाथला ब्रह्मकपालावर पिंडदान करतात, याहून योग्य वेळ कुठली, आणि यावरून सख्खे बहीणभाऊ ग्रुपवर एकमेकांना 'आदरणीय' लावून भांडत होते. नवरात्रात घट बसतात. उरलं काय? शेवटी मे अखेर ठरलं, बाबांच्या पेट्या शेजारचे उतरवून घेणार आणि त्याबद्दल त्यांना दोन डझन, असा तह झाला.

बाबांचं दुसरं एक आहे. ते दर रविवारी सिंहगड चढतात आणि त्यामुळे जगातले बाकीचे सगळे डोंगर त्यांना टेकड्या वाटतात. "केदारनाथ म्हणजे काय गं, दोनदा सिंहगड." मी म्हटलं बाबा, सिंहगडाचा माथा १३१२ मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६, आणि केदारनाथची चढण जिथून सुरू होते ते गौरीकुंडच कळसूबाईच्या वर आहे, तिथून सोळा किलोमीटर चढत ३५८३ मीटरवर जायचंय, हवा विरळ असते, डॉक्टरला दाखवून घ्या. त्यावर "तिथे वरती पिठलं-भाकरी मिळते का?" एवढाच प्रश्न आला.

रस्त्याचंही तेच. उत्तरकाशी ते गुप्तकाशी साधारण दोनशे किलोमीटर, त्याला मी पूर्ण दिवस धरलाय हे बघून मेव्हणे मला समजवायला आले, "वहिनी, कोल्हापूरला आपण चार तासात जातो." अहो तो हायवे आहे, हा घाट आहे, आणि संपतच नाही. "मग रात्रीचं चालवू, हॉटेलचेही वाचतील." रात्री तिकडे डोंगरात वाहनं सोडतच नाहीत म्हटल्यावर मेव्हणे खूप वेळ सरकारला नावं ठेवत होते. तेवढ्यात सासूबाईंनी शीट वाचून विचारलं, "उत्तरकाशी आहे, गुप्तकाशी आहे, मग आपली नेहमीची काशी का नाही?" बाबांना सगळ्यात आधी केदारनाथ हवं होतं, कारण मेन ते. पण सासूबाई ठाम, आधी यमुनोत्री, मग गंगोत्री, तिथलं पाणी केदारनाथाला घालायचं आणि शेवटी बद्रीनाथ. पश्चिमेकडून पूर्वेकडे रस्ताही तसाच लागतो त्यामुळे मी गुपचूप त्यांच्या बाजूने मत दिलं. हे वर्षातून फार वेळा होत नाही.

पुण्यातूनच गाडी न्यायची ही काकांची हौस मात्र मी मोडून काढली. हरिद्वारपर्यंतच दीड हजार किलोमीटरच्या वर जातं, आणि पुढे डोंगरात भाड्याच्या गाडीला ग्रीन कार्ड, ट्रिप कार्ड असली कागदपत्रं लागतात. आणि शेवटी सोनप्रयागला आपली गाडी लावून पुढचे पाच किलोमीटर तिथल्या जीपनेच गौरीकुंडला जायचं असतं, मग एवढी मिरवत न्यायची कशाला. म्हणून दिल्लीपर्यंत रेल्वे आणि हरिद्वारची गाडी, तिकडचाच ड्रायव्हर. आईने त्याचा फोन मागून घेतला आणि थेट विचारलं, "भैया, आप लेते हैं क्या?" तो बिचारा म्हणाला, "माताजी, सिर्फ चाय." मग तिने साखर किती ते पण विचारलं.

हे सगळं ठीक होतं हो. खरा घोळ सीटांचा झाला. आम्ही चौदा जण, त्यातल्या अकरा जणांना गाडी लागते, आणि ज्याला गाडी लागते त्याला पुढची खिडकी लागते. सासूबाईंना लागते. माझ्या आईला लागते. मावशीला तर म्हणे नुसता घाटाचा फोटो बघून लागते. एसटीत तीस वर्षं कंडक्टर म्हणून काढलेले काकासासरे, ज्यांनी वरंधा घाटात उभ्याने तिकिटं फाडली, त्यांनाही अचानक गाडी लागायला लागली. मागच्या चाकावरची शेवटची रांग कुणालाच नको. मी चार्ट केला, रोज एक रांग पुढे सरकायचं. तो टाकल्यावर अर्ध्या तासात आईचा वेगळा फोन, सासूबाईंचा वेगळा निरोप नवऱ्याकडून, दोघींचं म्हणणं एकच, "मला काही नाही गं, त्यांना बसू दे पुढे, मी आपली उलट्या करत येईन मागे." शेवटी दोघींना पुढच्या रांगेत शेजारी-शेजारी कायमचं बसवलं आणि मी आणि नवरा कायमचे चाकावर, सोबत मेतकूट, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आवळासुपारीची पिशवी.

केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं नाव काढून बघितलं होतं. वजन कळवा म्हटल्यावर सगळ्यांना एकदम चालत जाण्यातलं पुण्य आठवलं.

आणि मग रजिस्ट्रेशन. यात्रेला सरकारी नोंदणी केल्याशिवाय पुढे सोडत नाहीत, आधार पाहिजे, मोबाईलवर ओटीपी येतो. तेरा जणांचं झालं, आत्यासासूबाई राहिल्या. त्या सदाशिव पेठेत एकट्या राहतात आणि पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मी फोन केला, "आत्या, आत्ता एक नंबर आला असेल बघा, तो सांगा."

"ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो."

"अहो आत्या, मी बोलतेय. आवाज ओळखता ना माझा?"

"आवाज आता कॉम्प्युटरवर काढतात. परवाच आलंय."

इकडे स्क्रीनवर सेकंद पळतायत. मी म्हटलं मग विचारा काहीतरी, जे मलाच माहीत असेल. त्यांनी शांतपणे विचार केला. "आपल्याकडे गौरीला काय करतात?"

"पुरणपोळी!"

"ती सगळ्या गावात करतात."

"घावन-घाटलं!"

"हं. आता तू वाटतेस." मग चष्मा शोधला, मग दिवा लावला, मग नंबर, तोही जोडीने. "अठ्ठ्याहत्तर... एकोणसाठ..." मी इंग्लिश मीडियमची, एकोणसाठ म्हणजे एकोणसत्तरच्या आधीचं की नंतरचं करत बोटं मोजेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. परत पाठवला. परत फोन केला, तर म्हणाल्या, "एका दिवसात दोनदा मागतायत म्हणजे नक्कीच फ्रॉड आहे," आणि ठेवून दिला. शेवटी मी स्कूटर काढली, संध्याकाळच्या लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमधून त्यांच्याकडे गेले, पार्किंग मिळालं नाही म्हणून वाड्याच्या दारात लावली, खालच्या आजोबांनी 'येथे वाहने लावू नयेत'कडे बोट दाखवलं, त्यांना म्हटलं पाच मिनिटं, देवाचं काम आहे. नोंदणी झाली. आत्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "अशी समोर आलीस की कसं, विश्वास वाटतो."

पैसे नऊ जणांचे आलेत, बाकीचे 'भेटलो की देतो' आहेत. थर्मल घेतलेत, औषधांची यादी झालीये, हॉटेलं झालीयेत. काल रात्री सगळं फायनल म्हणून पीडीएफ टाकली आणि झोपणार एवढ्यात बाबांचा फोन. ते भिंतीवरच्या नकाशासमोर उभे होते.

"एवढं वर जातोच आहोत तर येताना वैष्णोदेवी पण करू. इथे बोटभर अंतर आहे."

"बाबा, ते जम्मूत आहे."

"हो मग. ड्रायव्हरला विचारून बघ की."