डस्टर मऊ असतो हो, धूळ नसते!

परवा दाजींनी फॅमिली ग्रुपवर डस्टरने गाडी पुसण्याबद्दलचा एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "सोमवारपासून आपण असंच करणार." दाजींनी दिवाळीत नवी गाडी घेतलीय, तीही काळी. हाच मेसेज आधी सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर येऊन गेला होता. तेव्हा मी अंगठ्याने वर ढकलून मोकळा झालो. पण ताईचा फोन आला की यांनी बाटलीतून डिझेल आणून ठेवलंय. मग मात्र गप्प बसवेना.

ज्यांच्यापर्यंत तो मेसेज अजून पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी पाण्याने धुवूच नका, धुतल्याने रंग उडतो आणि पत्रा गंजतो. त्याऐवजी रोज सकाळी मायक्रोफायबरचा डस्टर फिरवा. तो इतका मऊ असतो की ओरखडा पडणं शक्यच नाही, म्हणून चांगला दाबून पुसा. डस्टरवर चार थेंब रॉकेल किंवा डिझेल शिंपडलं की धूळ चिकटून येते आणि गाडी शोरूममधून काढल्यासारखी चकाकते. डस्टर दर आठवड्याला गरम पाण्यात कपड्यांचा कंडिशनर घालून धुवा. परवडत असेल तर मंत्र्यांच्या ड्रायव्हरकडे असतो तसला पिसांचा डस्टर घ्या. शेवटी पाणी वाचवा, देश वाचवा, दहा जणांना पाठवा.

आधी डिझेलचंच बघू, कारण बाटली घरात येऊन पडलीय आणि दाजींची गाडी पेट्रोलची आहे.

रेशनचं रॉकेल आता बहुतेकांच्या नजरेलाही पडत नाही, म्हणून मेसेजवाल्याने डिझेलची सोय करून दिली असावी. डिझेलचा हात मारल्यावर गाडी चकाकते, हे खरं. चकाकणारच. रंगावरच्या बारीक ओरखड्यांत तेल भरतं, उजेड विखुरत नाही आणि रंग ओला असल्यासारखा गडद दिसतो. हे कौतुक संध्याकाळपर्यंत. त्या तेलकट थरावर रस्त्यावरची धूळ नुसती बसत नाही, चिकटते. जी धूळ एरवी वाऱ्याने निम्मी उडून गेली असती, ती आता दुसऱ्या दिवशी घासून काढायची. आगीतून उठून फुफाट्यात. त्यात तुम्ही पैसे मोजून वॅक्स मारून घेतलं असेल, तर तेही डिझेल आणि रॉकेल विरघळवतं.

पुढची गंमत म्हणजे डस्टर बोनेटवर थांबत नाही. सकाळी गाडी पुसणाऱ्या पोराला ओळीने सगळ्या गाड्या संपवायच्या असतात, तो बोनेटवरून सरळ काचेवर जातो, तिथून दाराच्या बीडिंगवर, वायपरवर. पेट्रोलियमचं तेल रोज लागत राहिलं की हे रबर फुगतं, भुसभुशीत पडतं. आणि काचेवरचा तेलाचा पापुद्रा दिवसा दिसतसुद्धा नाही. तो दिसतो पावसात, रात्री, खंडाळ्याच्या घाटात, समोरून ट्रक आला की. वायपर ते तेल काढत नाही, पसरवतो. समोरच्या दिव्यांचे लांबच लांब फराटे काचभर उठतात आणि दोन-तीन सेकंद रस्ता गायब. चकाकीसाठी हा सौदा कुणाला करायचा असेल तर त्याने माझ्या बहिणीला शेजारी बसवू नये.

उरलेली बाटली आणि भिजलेला बोळा लोक डिकीत टाकतात. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सियस असावा लागतो, रॉकेलचाही तेवढाच. म्हणजे तेवढ्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. अकोल्यात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी या आकड्याच्या कितीतरी पुढे जाते. चार थेंबांनी गाडी पेटेल असं मी म्हणत नाही. पण बाटली तिथे हवीच कशाला?

डांबराचे ठिपके काढायला गॅरेजवाले रॉकेलचा बोळा वापरतात, ते मान्य. पण तो ठिपक्यापुरता, आणि लगेच ती जागा शॅम्पूने धुऊन टाकतात. रोजच्या पुसण्याशी त्याचा संबंध नाही.

आता मेसेजचा मुख्य मुद्दा. डस्टर मऊ, म्हणून ओरखडा नाही, म्हणून दाबा. पॉलिश पेपरचा कागदही मऊच असतो, घासतात ते त्याच्यावरचे कण. डस्टरचंही तेच. पहिल्या दाराची धूळ त्याच्या धाग्यांवर बसली की दुसऱ्या दाराला तुम्ही डस्टर लावत नसता, धूळ लावत असता.

आणि ती धूळ कसली? आपल्याकडे बांधकामात नदीची वाळू मागे पडून क्रश सँड आली. ती काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, फोडून करतात. मेट्रो, उड्डाणपूल, गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंट, सगळीकडून तीच उडते. कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापावर बेसाल्टमधली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं ६ च्या आसपास येतात, वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. खिडकीची काच साधारण साडेपाच. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो शेवटी प्लास्टिकच्या जातीचा, काचेच्या मानाने पार मऊ. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. या थरावर बेसाल्टची भुकटी दाबून फिरवायची आणि वर म्हणायचं की डस्टर मऊ आहे!

नुकसान बघायचं असेल तर रात्री पेट्रोल पंपावर एखादी काळी गाडी बघा. वरच्या दिव्याचं प्रतिबिंब बोनेटवर पडतं आणि त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखी गोल गोल वलयं दिसतात. प्रत्यक्षात ते ओरखडे सगळ्या दिशांना सरळ-वाकडे पडलेले असतात. दिव्याच्या उजेडाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, दिसत नाहीत एवढंच. मग डिटेलिंगवाला मशीन लावून पॉलिश करतो, म्हणजे तोच क्लिअर कोट आणखी काही मायक्रॉन खरवडतो. हे किती वेळा परवडेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

थंडीत तर आणखी वाईट. पहाटे बोनेटवर दव पडतं, रात्रीची धूळ त्यात भिजते. सहाला पुसणारा येतो आणि त्यावर कोरडा डस्टर मारतो. धूळ उचललीच जात नाही, तिचा लगदा होतो आणि तो गाडीभर सारवला जातो. ऊन चढल्यावर बघा, अर्धगोल फराटे स्पष्ट दिसतात. ओल्या गाडीवर डस्टर लावायचा नाही, हा नियम फॉरवर्डमध्ये कुठेच नाही, आणि खरं तर तोच पहिला हवा होता.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. गाडीसोबत एक जाडजूड पुस्तक मिळतं, ते ग्लव्ह बॉक्समध्ये इन्शुरन्सच्या कागदांखाली झोपलेलं असतं. मारुती सुझुकीच्या त्या पुस्तकात गाडी धुण्याचा भाग काढा. आधी वाहत्या पाण्याने माती सोडवा, मग सौम्य साबण आणि मऊ स्पंज, स्पंज वारंवार साबणाच्या पाण्यात बुडवा. आणि वेगळी सूचना अशी की भरपूर पाण्याशिवाय घाण पुसून काढू नका, रंग आणि प्लास्टिक खराब होतं. ज्यांनी गाडी बनवली ते पाणी घ्या म्हणतात. ज्याने मेसेज बनवला तो पाणी नको म्हणतो. दाजी, गाडीची वॉरंटी यातला कोण देतो?

पाण्याने पत्रा गंजतो हे याच पुस्तकाने निकालात निघतं, कारण ते गाडीच्या पोटाखालून आणि चाकांच्या कमानींतून पाणी मारायला सांगतं. गंज धरतो तो तिथे महिनोन् महिने अडकून राहणाऱ्या ओल्या चिखलाने आणि कोकणात खाऱ्या हवेने. दोन्ही घालवायला पाणीच लागतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पिसांचा डस्टर: पीस मऊ, देठ टणक. पीस तुटलं की देठ रंगाला लागतो. शोकेसमधले गणपती पुसायला उत्तम.

कंडिशनर: मायक्रोफायबरचा सगळा गुण त्याच्या चिरलेल्या बारीक तंतूंत, आणि कंडिशनर त्यांच्यावरच लेप चढवतो. साध्या पाण्यात थोड्या लिक्विड साबणाने धुवा, सावलीत वाळवा, संपलं.

पाणी वाचवा, हा भाग मात्र बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच तर बाकीचं सगळं त्याच्या आडून खपतं. नळीने अर्धा तास गाडी धुणं हा माज आहे. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूत टंचाई आली तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड लावला, योग्यच केलं. मराठवाड्यातल्या माणसाला तर हे सांगायचीही गरज नाही. पण पाणी वाचवायचं म्हणजे धूळ कोरडी घासायची, असं थोडंच आहे? बादलीत धुता येतं. रिन्सलेस शॅम्पू मिळतो, अर्ध्या बादलीत गाडी होते आणि वरून पाणी ओतावं लागत नाही. आणि रोज धुवा असं कुणीच म्हणत नाहीये.

मग डस्टर घ्यायचाच नाही का? घ्या ना. दोन धुण्यांच्या मधल्या दिवसांत वरवर बसलेल्या, कोरड्या, पातळ धुळीसाठी तो कामाचा आहे. इथेच त्या 'धूळ चिकटून येते' वाल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेही देऊन टाकतो. सुती दोऱ्यांच्या गुच्छाचा एक डस्टर मिळतो, कॅलिफोर्निया कार डस्टर या नावाने गाजलेला प्रकार. त्याच्या दोऱ्यांत पॅराफिन वॅक्स मुरवलेलं असतं, त्यामुळे धूळ पुढे ढकलली न जाता दोऱ्यांत ओढली जाते. तो धुवायचा नसतो, झटकायचा. नवीन असताना वर्तमानपत्रावर दिवसभर पसरून ठेवायचा, म्हणजे जादा वॅक्स कागद पितो. वरून आणखी तेल घालायची काहीच गरज नाही.

मायक्रोफायबरचा घेणार असाल तर दुकानात तो हातात घेऊन मुठीत दाबा. आतला प्लास्टिकचा सांगाडा बोटांना लागला, की तो कधीतरी गाडीलाही लागणार. परत ठेवा. सिग्नलवर मिळतात ते जाड नूडल्सवाले दिसायला गुबगुबीत, पण नूडल्स विरळ असल्या तर धूळ त्यांच्या टोकांवरच राहते. दाट, लांब तंतूंचा बघा. लांब स्टीलच्या दांड्याचा टाळा, कारण दांडा लांब म्हणजे जोर जास्त, आणि टप फक्त त्यानेच पुसायचा मोह. घरी जुनी सीडी पडली असेल तर तिच्या चकचकीत बाजूवर नवा डस्टर नुसत्या वजनाने फिरवा आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा. रेघ उठली तर तो डस्टर फर्निचरला ठेवा. जुन्या बनियनचं फडकं? शिवण आणि लेबल कापून काचेला आतून वापरा, रंगाला नको.

फिरवायचा टपापासून खाली, एका दिशेने, हात हलका. दरवेळी उचलून गाडीपासून लांब झटकायचा. दाराचा खालचा हात-दीड हात, चाकांच्या कमानी आणि मागच्या नंबर प्लेटभोवतीचा भाग सोडून द्यायचा, तिथे रस्त्याची खरखरीत माती असते, ती पाण्यानेच निघते. कबुतराच्या शिटीवर ओला कागद पाच मिनिटं ठेवून ती सैल होऊ द्यायची आणि मग उचलायची. आणि बोटाने बोनेटवर नाव लिहिता येईल एवढी धूळ बसली असेल, तर त्या दिवशी डस्टर डिकीतून काढूच नका, बादली भरा.