पुण्यात कधी आलात?

फोटो आज सकाळी घरच्या ग्रुपवर आला. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, त्यापुढे मामा, मामी, त्यांची दोन नातवंडं आणि मधोमध उत्सवमूर्तीसारखे उभे एक टोपीवाले आजोबा. खाली मामांनी लिहिलंय, 'पुण्याच्या जाणकारांसोबत'. डाव्या कोपऱ्यात एक अर्धं बोट आलंय. ते माझं.

मामा बायकोचे, अकोल्याचे. पुण्यात पाहुणे आले की शनिवारवाडा, दगडूशेठ, सारसबाग आणि परतीच्या गाडीआधी बाकरवडी हा क्रम ठरलेला असतो. मला या शहरात अठरा वर्षं झाली. वाड्याच्या आत मात्र मी एकदाच गेलो होतो. अचानक पाऊस आला म्हणून आडोशाला शिरलो, रीतसर तिकीट काढून, आणि आत गेल्यावर कळलं की छप्परच नाही.

मामांना ते पाऊस नसतानाच कळलं. "वाळा कुठी हाय, जवाईबुवा?"

"हाच."

"हे तं जोतं हाय! वाळा कुठी हाय?"

आता याला काय उत्तर देणार? आदल्या दिवशी ते मुंबईत गेटवे बघून आलेले. ज्या राजाच्या स्वागतासाठी तो उभारायचा होता तो राजा १९११ साली येऊनही गेला आणि कमान पुरी झाली १९२४ ला. उशीर झाला, पण कमान आहे. मागे समुद्र आहे. आमच्याकडे पाहुण्याला 'इथे सात मजले होते असं समजा' म्हणून आभाळ दाखवायचं.

पण जावयाची अब्रू पणाला लागली होती. मी घसा खाकरून सुरुवात केली, "तर हा वाडा पेशव्यांनी शनिवारी बांधला..."

"एका शनिवारात?"

आवाज मागून आला. जोत्याच्या दगडावर रुमाल अंथरून आजोबा बसले होते. हातात शेंगदाण्याची पुडी. दाणा तोंडात टाकायचा, साल फुंकायचं, मग बोलायचं.

"पाया १० जानेवारी १७३०. शनिवार. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२. तोही शनिवार. मधली दोन वर्षं गवंडी घरी बसले नव्हते." फू. "चालू द्या तुमचं."

मी चालू दिलं, हीच चूक झाली. दरवाजावरच्या अणकुचीदार खिळ्यांना मी नक्षी म्हणालो. आजोबांनी नातवंडांना जवळ बोलावून विचारलं, "हत्ती कपाळाने दार फोडायला आला, तर त्याला नक्षी आवडेल का?" पोरं खूश. वाडा इंग्रजांनी जाळला, असं मी म्हणालो. (अहो, शाळेत कुणीतरी असंच सांगितलं होतं.) "१८१७ साली इंग्रजांचं निशाण लागलं. आग १८२८ ची, २७ फेब्रुवारी. निशाण त्यांचं होतं म्हणून काडीही त्यांचीच कशावरून? वरचं सगळं लाकूडकाम, ते गेलं. दगड राहिला. म्हणून तुम्हाला जोतं दिसतंय." हे शेवटचं मामांकडे बघून.

मामा एव्हाना माझ्याकडे पाठ करून बसले होते. "लाकूड कुठलं जी?"

"लाकूड जुन्नरचं, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा."

"मंग पुन्याचं काय होतं?"

"देखरेख," आजोबा म्हणाले आणि साल फुंकलं.

खर्च सांगितला तेव्हा तर मामा उठून उभेच राहिले. १६,११० रुपये. "एवढ्यात तं जवाईबुवांच्या बिल्डिंगीत स्कूटरही लावू देत नाहीत!" खरं आहे. पण ते चारचौघांत बोलायची गरज नव्हती. त्या फ्लॅटचे हप्ते मी भरतो.

धाकट्या नातवाने विचारलं, "आजोबा, रात्री 'काका मला वाचवा' ऐकू येतं?" १७७३ साली गणपतीच्या दिवसांत इथे अठरा वर्षांच्या नारायणरावाला मारलं, आणि इतक्या मोठ्या वाड्यातून लोकांनी घरी नेलं ते एवढं एक वाक्य. आजोबांनी पहिल्यांदाच पुडी खाली ठेवली. "मी कसब्यातच राहतो बाळा. रात्री हॉर्न ऐकू येतात. आता नारायणराव ओरडले तरी काकांना ऐकू जायचं नाही."

मग माझ्याकडे वळले. "तुम्ही कुठे असता?"

"कोथरूडला."

"बरं. आणि पुण्यात कधी आलात?"

"अठरा वर्षं झाली."

"तसं नाही. आज किती वाजता?"

मामी तोंडाला पदर लावून हसली. मामांनी पदर नसल्याने नुसतंच हसून घेतलं.

गंमत सोडा, पण मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. अठरा वर्षं मी इथल्या खड्ड्यांतून स्कूटर चालवतोय. घरपट्टी वेळेत भरतो. या वाड्यावरून हजार वेळा गेलो असेन, पण सिग्नल सुटेपर्यंत त्याच्याकडे बघायचं की मागच्या रिक्षाच्या शिव्या खायच्या? शहर बघायला रुमाल अंथरून बसण्याइतका वेळ लागतो. तो ज्याच्याकडे आहे त्याचं शहर, आणि आम्ही आपले हप्तेवाले. बरं, म्हाताऱ्याचं एकही साल चुकलं असतं तर! घरी येऊन सगळी तपासली. एकही नाही.

शेवटी फोटो. मी मामांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, तर मामांनी फोन माझ्याच हातात दिला. "तुमी काढा ना, जवाईबुवा. तुमाले तं रोजचंच हाय."

दुपारी अकोल्याहून फोन आला. दिवाळीत मामांचे थोरले व्याही सहकुटुंब पुण्याला येतायत. मी म्हटलं, या, मी दाखवतो सगळं.

"तुमी काहून तरास घेता," मामा म्हणाले. "कसब्याच्या आजोबांचा नंबर हाय माह्याजवळ. तुमी फक्त स्टेशनवर घ्यायले या."