रेणू फोडणारे किरण रेणू घडवतात कसे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या लेखावरचा तुमचा आक्षेप थोडक्यात असा: एकीकडे मी लिहितो की तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण रेणूमेघातले (ताऱ्यांमधल्या थंड वायू-धुळीच्या ढगातले) रेणू फोडतात, आणि लगेच पुढे म्हणतो की प्रारणामुळेच तिथे नवे रेणू तयार होतात. 'नक्की काय ते एकदा ठरवा.' वर मेघातल्या उणे २६३ अंश सेल्सिअसला कसली आलीय रासायनिक अभिक्रिया, हा टोलाही आहेच. तासगावात इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने हे विचारायलाच हवं. तरी मी दोन्ही विधानं मागे घेणार नाही.

आधी फोडण्याचं बघू. बेदाण्याचं शेड तुम्हाला काय सांगायचं! जाळी सरकली की कडेच्या रॅकवरचा माल उन्हाने काळवंडतो, आतला हिरवा राहतो. मेघात जाळीचं काम धूळ करते आणि स्वतः हायड्रोजनचे रेणूही करतात. रेणू तोडू शकणारे नेमक्या तरंगलांबीचे किरण बाहेरचे रेणूच गिळून टाकतात. त्यातही गंमत अशी, की किरण गिळलेल्या दहा रेणूंपैकी जेमतेम एखादा तुटतो. बाकीचे बरेचसे जोरजोरात कंप पावत राहतात.

खरी गोष्ट या कंप पावणाऱ्यांची आहे. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात 'ओरायन बार' नावाची एक कड आहे. तिथे अतिनील किरणांनी कार्बनचा इलेक्ट्रॉन काढून घेतलेला असतो. हा कार्बन आयन थंड हायड्रोजनशी जुळत नाही, कारण ती अभिक्रिया ऊर्जा मागते. कंप पावणारा रेणू ती ऊर्जा सोबत घेऊनच येतो. मग एकेक हायड्रोजन जोडत गाडी मिथिल आयनापर्यंत, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनपर्यंत पोचते. पुढच्या सेंद्रिय रेणूंची वाट इथून सुटते. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला हा आयन सापडला तो याच परिसरात, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर, एका कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत. ती तबकडी शेजारच्या बड्या ताऱ्यांच्या अतिनील माऱ्यात उभी आहे. हा मारा नसता तर तो आयन तिथे इतका दिसलाच नसता.

मेघाच्या गाभ्यात अतिनील पोचत नाही, वैश्विक किरण, म्हणजे अवकाशात प्रचंड वेगाने फिरणारे भारित कण, पोचतात. ते हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उडवतात, त्यातून तीन हायड्रोजनचा आयन बनतो (आंतरतारकीय वायूत तो १९९६ मध्ये सापडला), आणि तो भेटेल त्याला प्रोटॉन देत सुटतो. प्रयोगशाळेत आपण बर्नर लावतो तो सक्रियण ऊर्जेसाठी, म्हणजे अभिक्रिया सुरू होण्याआधीचा ऊर्जेचा अडथळा ओलांडायला. आयनाचा विद्युतभार समोरच्या रेणूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे अशा बऱ्याच अभिक्रियांना तो अडथळाच नसतो. थंडीने त्यांचं काही अडत नाही.

तुमच्या बाजूचा एक पुरावा मात्र मीच देतो. वेबला त्या तबकडीत मिथिल आयन दिसला, पण अशा तबकड्यांमध्ये एरवी आढळणाऱ्या पाण्याची खूण दिसली नाही. अतिनील किरणांनी तिथलं सगळं रसायनच पालटलं असावं, असं संशोधकांचं म्हणणं आहे.